तळटीप : थुंकीतला जंतू आणि यंत्रातला प्रकाश

* ‘दोन तासांत रिपोर्ट’ : हा उल्लेख जीनएक्स्पर्ट या क्षयरोगाच्या चाचणीचा. डिसेंबर 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पुढच्याच वर्षी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे 4 रुग्ण नोंदवले. औषध लागू पडेल का, हे आधीच कळण्याची निकड त्यामुळे ठळक झाली. जंतू वाढवून तपासायचे तर आठवडे जातात.

इथे थुंकीत द्रावण मिसळून ती 15 मिनिटे ठेवतात, मग कार्ट्रिजमध्ये ओततात. पुढचे काम यंत्राचे. आतली युक्ती संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी 1996 मध्ये मांडलेली. केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला डीएनएचा तुकडा. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्याला ती चमक दाबणारा रेणू. जंतूचा जुळणारा डीएनए भेटला की आकडा उलगडतो, टोके दुरावतात, प्रकाश पडतो.

मूळ कार्ट्रिजमध्ये असे 5 तुकडे जंतूच्या जनुकातल्या 81 अक्षरांवर नजर ठेवतात. एखादा उजळलाच नाही, तर तिथे जनुक बदललेले असते आणि रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध बहुधा चालत नाही.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे क्षयचाचणीचे यंत्रही चिपवरचा प्रकाशच वाचते. ते बॅटरीवर चालत असल्याने खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही नेता येते. 2020 मध्ये त्यालाही संघटनेची शिफारस मिळाली. — संपादक