हवेली तीच, भूत तेच

1970 साली 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' नावाचा चित्रपट आला आणि सपशेल पडला. पृथ्वीराज कपूर होते, मुमताज होती, शत्रुघ्न सिन्हा होता; तरी पडला. निर्माते एफ. यू. रामसे यांचे हात त्यात चांगलेच पोळले आणि सिनेमाचा धंदा सोडून आपलं मूळ दुकान सांभाळावं, असं त्यांच्या मनात आलं. पण तुलसी आणि श्याम हे त्यांचे दोन मुलगे थिएटरात जाऊन पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे बघत बसले होते. एरवी चुळबुळ करणारा प्रेक्षक एका प्रसंगाला मात्र खुर्चीत ताठ बसत होता. पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा आणि जाडजूड पोशाख चढवून संग्रहालयात चोरीला शिरतात, पोलिसांच्या गोळ्या अंगावर घेत चालत राहतात, तो हा प्रसंग. काहीजण तेवढं पाहून उठून जात होते.

पोरांनी घरी येऊन बापाला सांगितलं: लोकांना तेवढंच हवंय, तर आपण तेवढंच देऊ.

हिंदी भयपटाचा एक अख्खा कारखाना या निरीक्षणातून उभा राहिला. त्याचे दर्दी आजही कमी नाहीत. 'वीराना'तला कुठला प्रसंग कुठल्या इंग्रजी चित्रपटातून उचललाय, हे ते झोपेतसुद्धा सांगतील. पण या कारखान्याची खरी गंमत उचलेगिरीत नाही, ती त्याच्या काटकसरीत आहे. त्याच त्या वस्तू पुन्हा पुन्हा वापरून रामसे बंधूंनी नकळत एक गोष्ट तयार केली: क्रमांक न लावलेल्या सीक्वेलची एक लांबलचक माळ.

मूळ दुकान होतं रेडिओचं. एफ. यू. म्हणजेच फतेहचंद रामसिंघानी यांचं हे दुकान फाळणीपूर्वी कराचीत होतं. तिथल्या इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेवर 'रामसिंघानी' काही केल्या बसेना, म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि दुकान लॅमिंग्टन रोडवर लागलं. हा रस्ता आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठीच ओळखला जातो. तिथे वायरी आणि सुटे भाग शोधत हिंडणाऱ्याला हिंदी पडद्यावरच्या भुतांचं कूळ याच रस्त्यावरचं आहे, हे बहुधा ठाऊक नसतं. रामसेंना सिनेमाचा नाद मात्र जुना. 1963 चा 'रुस्तम सोहराब' त्यांचाच. सुरैया पडद्यावर शेवटची दिसली ती त्यात.

मुलगे सात: कुमार, तुलसी, श्याम, केशू, किरण, गंगू आणि अर्जुन. सिनेमाची शाळा कुणीच पाहिलेली नव्हती. मग त्यांनी काश्मीरला हाउसबोटीवर मुक्काम टाकला, छायाचित्रणाचं एक गाजलेलं अमेरिकी पाठ्यपुस्तक पुढ्यात घेतलं आणि एकत्र बसून धडे गिरवले. पुढे कामाच्या वाटण्या झाल्या. कुमार पटकथा लिहिणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, कॅमेरा गंगूकडे, आवाज किरणकडे, संकलन अर्जुनकडे, आणि केशू निर्मितीची धावपळ बघणार. पगारपत्रकावर बाहेरची नावं जितकी कमी तितकं बरं, हा हिशेब. एखाद्या एकत्र कुटुंबानं पापडाचा धंदा काढावा, तसा या घरानं भुताचा काढला.

पहिला मोठा घाणा महाबळेश्वरला निघाला. 'दो गज जमीन के नीचे' (1972) या चित्रपटासाठी अख्खं युनिट बसनं घाट चढून गेलं आणि तिथल्या सरकारी विश्रामगृहात उतरलं. सेट उभारायचा प्रश्नच नव्हता. राहायची खोली तीच शूटिंगची खोली. कपडे ज्याचे त्याचे. घरातल्या बायका बरोबर होत्या, स्वयंपाक त्यांच्याकडे. रामसे बंधू पुढे मुलाखतींतून सांगत त्याप्रमाणे चित्रपट चाळीसेक दिवसांत पुरा झाला आणि खर्च आला साडेतीन लाखांच्या आसपास. मोठा नट नव्हता, त्यामुळे तारखांची अडचणही नव्हती. थडग्यातून उठून आलेला नवरा बायकोचा आणि तिच्या साथीदारांचा सूड घेतो, एवढीच गोष्ट. ती चालली.

सूत्र सापडलं. मग 'अंधेरा', 'दरवाजा', 'गेस्ट हाउस', 'दहशत', 'होटल', 'सन्नाटा' अशी रांगच लागली. 'और कौन' (1979) मध्ये तर आपला सचिन नायक आहे. 'बालिका वधू'तला गोंडस मुलगा इथे भुतानं पछाडलेला पाहताना मराठी प्रेक्षकाला आजही थोडं चुकल्यासारखं वाटतं.

हे चित्रपट मोठ्या शहरांतल्या चकचकीत थिएटरांसाठी नव्हतेच. वितरकांच्या भाषेत ज्यांना बी आणि सी सेंटर म्हणत, त्या तालुक्याच्या गावांवर त्यांची भिस्त. तिथे नटाच्या नावापेक्षा पोस्टर बोलायचं. शिवाय ऐंशीच्या दशकात घरोघर व्हीसीआर आले, कॅसेटी भाड्यानं मिळू लागल्या आणि सुखवस्तू कुटुंबांनी थिएटरकडे पाठ फिरवली. मागे जो प्रेक्षक उरला तो रामसेंचा. 'केवळ प्रौढांसाठी' हा शिक्का त्याला अडवत नव्हता, उलट बोलावत होता.

या सगळ्याचा कळस म्हणजे 'पुराना मंदिर' (1984). सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवून पेटीत बंद केलंय, धड देवळामागे पुरलंय, आणि मरताना त्यानं शाप दिलाय की या राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनंतरचा ठाकूर म्हणूनच आपल्या मुलीला प्रेमात पडू देत नाही. हा धागा खरोखर चांगला आहे. मुलीच्या लग्नाला बापाचा विरोध हा हिंदी सिनेमाचा सर्वांत शिळा विषय. इथे त्याला रक्तात भिनलेल्या भीतीचं कारण मिळालं. मोहनीश बहल आणि पुनीत इस्सर हे नवखे, प्रदीप कुमार उतारवयातले, आणि खलनायकीसाठी सदाशिव अमरापूरकर. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ललिता पवारही आहेत. मध्येच जगदीप 'शोले'ची नक्कल करत अर्धा-अर्धा तास खातो. तो भाग पुढे ढकलत पाहण्याची सवय दर्दींनी व्हीसीआरच्या काळातच लावून घेतली होती.

पण प्रेक्षक आला तो सामरीसाठी. ती भूमिका करणारा अनिरुद्ध अगरवाल (पडद्यावरचं नाव अजय अगरवाल) रुडकीचा स्थापत्य अभियंता. आडमाप उंची, लांबट चेहरा, खोल डोळे; रंगभूषेचं निम्मं काम निसर्गानंच करून ठेवलेलं. हा माणूस दारात नुसता उभा राहिला तरी चौकट भरायची. पुढे 'बँडिट क्वीन'मध्ये आणि हॉलिवूडच्या 1994 च्या 'जंगल बुक'मध्येही तो दिसला. तरीही लोकांच्या लेखी तो सामरीच राहिला.

चित्रपट तुफान चालला, म्हणजे दुसरा भाग आला पाहिजे. मल्याळमच्या 'माय डिअर कुट्टिचातन'नं त्याच सुमारास थ्रीडीची लाट आणली होती. रामसेंनी दोन्हींची मोट बांधली आणि 1985 मध्ये 'सामरी' थ्रीडीत आणला. नट तोच, नाव तेच. कथा मात्र निराळी. शापित राजघराण्याशी या सामरीचं काही देणंघेणं नाही. म्हणजे ज्याला हक्कानं दुसरा भाग म्हणावं, तो आतून दुसरा भाग नव्हताच. पहिल्याची सर त्याला आली नाही.

आणि जे दुसरे भाग म्हणून आलेच नाहीत, ते मात्र एकमेकांचे सख्खे भाऊ. 'दरवाजा' आणि 'बंद दरवाजा', 'पुराना मंदिर' आणि 'पुरानी हवेली': नावंसुद्धा एका कुळातली. त्रिशूळ, तळघर, वटवाघूळ, कंदील घेऊन फिरणारा म्हातारा नोकर, गाडी बंद पडलेलं जोडपं, सगळं परत परत येतं. 'बंद दरवाजा'त (1990) अनिरुद्ध अगरवाल नेवला या रक्तपिपाशाच्या रूपात परतला तेव्हा कथेच्या दृष्टीनं त्याचा सामरीशी संबंध शून्य होता. पण थिएटरात बसलेल्या माणसाला कोण सांगणार? त्याच्या दृष्टीनं मारलेला सामरीच परत आला होता. कथेनं न जोडलेले तुकडे प्रेक्षकानं जोडून घेतले.

इंग्लंडात हॅमर फिल्म्सनं हेच केलं होतं. थेम्सकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या घरात स्टुडिओ थाटून त्यांनी त्याच खोल्या, तेच जिने फिरवून फिरवून वापरले आणि ख्रिस्तोफर ली यांना सात वेळा ड्रॅक्युला केलं. फरक इतकाच की हॅमरनं त्या माळेला नाव दिलं, रामसेंनी दिलं नाही.

रामसेंचं ब्रे होतं मुरुडला. जंजिऱ्याच्या नवाबांचा समुद्राकाठचा राजवाडा ही त्यांची लाडकी हवेली. कमानी, घुमट, पोपडे उडालेल्या भिंती. मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरावर. असा सेट बांधायचा म्हटलं असतं तर दोन चित्रपटांचा पैसा गेला असता. कोकणातला पावसाळा, समुद्राचा वारा आणि माडांची सळसळ फुकटात मिळाली ती वेगळी. गोष्ट कुठल्यातरी उत्तरेकडच्या ठाकुराची, पार्श्वभूमी मात्र रायगड जिल्ह्याची. कोकणातला प्रेक्षक हे ओळखून गालातल्या गालात हसत असणार.

'वीराना' (1988) हा या माळेतला सर्वांत देखणा मणी. जास्मिन नावाच्या नटीनं त्यात झपाटलेल्या मुलीचं काम केलं, आणि त्यानंतर ती पडद्यावरून नाहीशी झाली. तिच्याबद्दल चाहत्यांनी इतक्या कथा रचल्या की त्यांचाच एक चित्रपट व्हावा. सतीश शाह यांनी त्यात भयपट काढणाऱ्या दिग्दर्शकाचं काम केलंय आणि पात्राचं नाव हिचकॉक. स्वतःच्या धंद्याची अशी टर उडवायला बरंच मोकळं मन लागतं.

दर्दींच्या या प्रेमात आंधळेपणाही आहे, हे नाकारून चालणार नाही. बाईला न्हाणीघरात पाठवल्याशिवाय या भुतांना जाग येत नाही. कुरूपता म्हणजे पाप हे समीकरण प्रत्येक चित्रपटात ठोकून बसवलेलं. तांत्रिक, आदिवासी, काळी जादू यांचा वापर तर सरळ अडाणीपणाचा. खुद्द 'महाकाल'मध्ये फ्रेडी क्रूगरचा पंजा जसाच्या तसा उचललाय आणि त्याच्या मधोमध जॉनी लिव्हरची विनोदी आतषबाजी घुसडलीय. मोहन भाकरी, विनोद तलवार यांच्यासारखे अनुयायी तर याहून खालच्या पायरीवर उतरले; त्यांच्या 'खूनी महल' आणि 'खूनी पंजा'पुढे रामसे म्हणजे अभिजात कलाकृती वाटतात. दर्दी हे सगळं जाणून असतो. तरी 'बंद दरवाजा'तली निळ्या धुक्यातली टेकडी दिसली की तो गप्प होतो, कारण ते धुकं, ते निळे-लाल दिवे गंगू रामसेच्या कॅमेऱ्यानं खरोखर जीव ओतून टिपलेत.

नव्वदीत थिएटरं बदलली आणि हा प्रेक्षक घरातच सापडू लागला. 1993 मध्ये रामसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. झी टीव्हीला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. त्याच्या सुरुवातीच्या संगीतानं घाबरून पांघरुणात शिरलेली पिढी आज पन्नाशीकडे झुकलीय. केशू रामसे पुढे वेगळी वाट धरून अक्षय कुमारचे 'खिलाडी' चित्रपट काढू लागला. गंमत म्हणजे क्रमांक नसलेल्या सीक्वेलची विद्या तिथेही कामाला आली.

त्याच 1993 मध्ये मराठीला स्वतःचं भूत मिळालं. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून सुचलेला, पण रामदास पाध्यांची बाहुली आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू यांनी तो इतका मराठी करून टाकला की मूळची आठवण कुणाला राहिली नाही. 'खिलौना बना खलनायक' या नावानं तो हिंदीतही गेला. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, त्याचा दुसरा भाग आला. तोही थ्रीडीत.

दरम्यान रामसेंना परदेशात नवे दर्दी मिळाले. पीट टूम्ब्स या इंग्रज लेखकानं 1997 च्या 'मोंडो मकाब्रो' या पुस्तकात जगभरच्या चमत्कारिक चित्रपटांबरोबर त्यांचीही दखल घेतली आणि पुढे त्याच नावाच्या कंपनीनं 'पुराना मंदिर' व 'बंद दरवाजा' डीव्हीडीवर आणले. 2012 मध्ये आशिम अहलुवालियाचा 'मिस लव्हली' कान महोत्सवात दाखवला गेला. ऐंशीच्या दशकात मुंबईत स्वस्तातले भयपट आणि त्याहून स्वस्त चित्रपट काढणाऱ्या दोन भावांची ती गोष्ट. 2017 मध्ये शाम्य दासगुप्ता यांनी रामसेंवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ज्यांची परीक्षणं लिहायला वर्तमानपत्रांनी कधी वेळ काढला नाही, त्यांची आता चरित्रं निघू लागली. सात भावांपैकी केशू 2010 मध्ये गेला, तुलसी 2018 मध्ये, श्याम 2019 मध्ये, कुमार 2021 मध्ये आणि गंगू 2024 मध्ये.

मुरुडचा राजवाडा अजून उभा आहे. खासगी मालमत्ता असल्यानं आत सोडत नाहीत. अलिबागहून मुरुडला जाताना रस्त्यावरूनच पाहावा लागतो.