न बोलावलेला पाहुणा

मागच्या विकांताला जेम्स जॉइसची 'द डेड' पुन्हा वाचली आणि तिच्या मागोमाग व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे'. एक दीर्घकथा, एक कादंबरी. कथानक म्हणाल तर दोन्हींत एवढंच, की घरी पार्टी आहे. म्हटलं, या लोकांना पार्टीचं एवढं काय पडलंय?

तशा जुन्या कादंबऱ्यांतही मेजवान्या असायच्याच. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) नायक-नायिका नाचाच्या समारंभातच पहिल्यांदा समोरासमोर येतात आणि गोष्ट पुढे सरकते. पार्टी म्हणजे लग्नाळू मंडळींना एकत्र आणायची सोय. विसाव्या शतकात मात्र गंमत झाली. पार्टीत बाहेर फारसं काही घडेनासं झालं. जे घडायचं ते माणसाच्या डोक्यात.

'द डेड' जॉइसनं १९०७ मध्ये पूर्ण केली, तीही त्रिएस्तमध्ये बसून. ती ज्या संग्रहात आहे तो 'डब्लिनर्स' निघायला १९१४ उजाडलं, कारण प्रकाशक आणि छापखानेवाले घाबरत होते. कथेत दोन म्हाताऱ्या मावश्या दरवर्षीप्रमाणे मेजवानी देतात. भाचा गॅब्रिएल आयरिश आदरातिथ्यावर भाषण ठोकतो, टाळ्या घेतो. निघताना त्याची बायको जिन्यात उभी राहून एक जुनं गाणं ऐकते आणि तिला सतराव्या वर्षी गेलेला एक मुलगा आठवतो. झालं! गॅब्रिएलची सगळी ऐट उतरते. आमंत्रण नसलेला पाहुणा हाच.

'मिसेस डॅलोवे'मध्ये (१९२५) हा पाहुणा जास्त बोचतो. जून १९२३ मधला एक दिवस, लंडन. क्लॅरिसा सकाळी फुलं आणायला निघते, रात्री तिच्याकडे पार्टी, पंतप्रधानसुद्धा येणार. त्याच शहरात सेप्टिमस नावाचा एक माजी सैनिक भ्रमिष्टासारखा फिरतोय. लढाई संपून साडेचार वर्षं झालीत, त्याच्या डोक्यातली संपलेली नाही. दोघं एकमेकांना कधीच भेटत नाहीत. संध्याकाळी तो खिडकीतून उडी मारतो, आणि त्याचे डॉक्टर पार्टीला उशिरा येतात.

हा प्रसंग मी दोनदा वाचला. डॉक्टर क्लॅरिसाच्या खासदार नवऱ्याशी एका विधेयकाबद्दल बोलताहेत: शेल शॉकच्या उशिरा दिसणाऱ्या परिणामांची तरतूद त्यात हवी म्हणे. दुपारपर्यंत जिवंत असलेला माणूस रात्री एका कलमाचं उदाहरण झाला! आणि हे हवेतलं नाही. ब्रिटिश सरकारच्या चौकशी समितीचा शेल शॉकवरचा अहवाल १९२२ मध्येच आला होता. डॉक्टरांचा अनुभव तर वुल्फनं स्वतः घेतलेला. सक्तीची विश्रांती, लिहिण्या-वाचण्यावर बंदी वगैरे.

वुल्फनं १९२८ च्या एका आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय की पहिल्या खर्ड्यात सेप्टिमस नव्हताच. पार्टीच्या शेवटी क्लॅरिसाच मरणार होती. म्हणजे मरण तेच, फक्त ते तिच्यावरून काढून त्याच्या अंगावर टाकलं. म्हणूनच बातमी ऐकून क्लॅरिसा पाहुण्यांना सोडून एका रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहते. न पाहिलेला तो माणूस तिला आपल्यासारखा वाटतो. मग ती परत पार्टीत येते.

वुल्फ तिला यासाठी झोडपत नाही, हे मला फार आवडलं. युद्धात ब्रिटनची सात लाखांहून जास्त माणसं गेली, तरी लोकांनी पार्ट्या दिल्याच. द्यायलाच हव्या होत्या बहुधा. प्रश्न एवढाच, की मध्येच दोन मिनिटं त्या रिकाम्या खोलीत कोण जातं?

आपल्याकडेही हातात ग्लास घेऊन कुणीतरी म्हणतं, "तो अमका आठवतो? पार कोलमडला म्हणे." आणि पुढच्या वाक्यात वर्क-लाइफ बॅलन्सच्या पॉलिसीवर चर्चा सुरू. मीही त्या घोळक्यात असतो. डॉक्टरांच्या बाजूला, बरं का.

असो. दोन्ही पुस्तकं मिळून एका विकांतात होतात. जरूर वाचा.