जुन्या दस्तऐवजांतील न्यायालयीन शब्द

देवस्थानाच्या महाजन घराण्यांपैकी फारच थोडी अशी असतील, की ज्यांच्या घरी जुन्या पेटीत तांबूस पडलेल्या पोर्तुगीज कागदांची चळत नाही. पोर्तुगीज लिसेवमध्ये शिकलेली पिढी आता विरळ झाली आहे. त्यामुळे हे कागद पूजेतल्या टाकांसारखे झाले आहेत: त्यांचा मान राखला जातो, परंतु ते वाचले जात नाहीत. वाटणीचा किंवा विक्रीचा प्रसंग आला म्हणजे मात्र कोणीतरी त्यांतील एखादा शब्द उचलतो, त्याचा मनास येईल तो अर्थ लावतो आणि भाऊबंदकीस आरंभ होतो. यास्तव त्यांतील काही शब्दांचा मूळ व्यवहार येथे नमूद करीत आहे.

हे शब्द केवळ इतिहासजमा झालेले नाहीत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १ जुलै १८७० पासून अमलात आला. हिंदूंच्या काही रूढींना, विशेषतः दत्तकविधानास, १८८० च्या हुकूमनाम्याने निराळे स्थान दिले. १९ डिसेंबर १९६१ नंतर राज्य बदलले, तरी १९६२ च्या कायद्याने पूर्वीचे कायदे ते बदलले जाईपर्यंत चालू राहिले. दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती १९६६ साली भारतीय संहितेप्रमाणे झाली. परंतु विवाह, वारसा व वाटणी यांचे मूळ तत्त्व तेच राहिले. २०१२ साली संमत झालेला आणि २०१६ च्या अखेरीस अमलात आलेला गोव्याचा वारसाविषयक कायदाही त्याच पायावर उभा आहे.

सर्वांत अधिक आढळणारा शब्द ‘इन्व्हेंतारियु’. पुष्कळांना ती मालमत्तेची नुसती यादी वाटते. वास्तविक ते मृताच्या मालमत्तेचे वाटणीपर्यंत चालणारे संपूर्ण न्यायालयीन काम होय. वारसांत अज्ञान मुले असली, की ते ‘ओर्फानोलोजिकु’ म्हणून सक्तीने चाले व मुलांच्या हितासाठी सरकारी पालक लक्ष घाली. (हा शब्द वाचून आपले पणजोबा अनाथाश्रमात वाढले होते, असे समजण्याचे कारण नाही.) कामाचा आरंभ ‘काबेस द काझाल’ याच्या शपथेवरील निवेदनाने होई. मृत कोण, केव्हा वारला, वारस कोण, मिळकत व देणी कोणती, हे त्याने सांगावयाचे. येथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. काबेस द काझाल म्हणजे वाटणी होईपर्यंत मिळकत सांभाळणारा कारभारी, मालक नव्हे. बहुधा हयात जोडीदार किंवा वडील मुलगा हे काम करी. वडील भावाचे नाव त्या जागी दिसते, म्हणून सारी बागायत त्याच्या शाखेची, हा युक्तिवाद मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यास कायद्याचा काडीचाही आधार नाही.

यानंतर सर्व ‘इंतरेसाद’, म्हणजे हितसंबंधी मंडळी, यांना ‘सितासांव’ बजावली जाई. ही पहिली बोलावणी. ती रीतसर झाली नसेल, तर पुढचे सारे काम रद्द होण्याचा धोका असे. म्हणून जुना कागद वाचताना आधी हेच पान शोधावे. ज्याचा ठावठिकाणा लागत नसे, त्याच्यासाठी ‘एदिताल’ काढून जाहीर रीतीने लावीत व छापीत. पुढे ‘लोवाद’ हे पंच मिळकतीची किंमत ठरवीत. मग हितसंबंधीयांची बैठक होऊन एकमत न झाल्यास वारसांमध्येच ‘लिसितासांव’ होई. हा बाजारातील लिलाव नव्हे. बाहेरच्या माणसास बोली करता येत नसे. ज्याने आपल्या हिश्शाहून अधिक किमतीची मिळकत घेतली, त्याने बाकीच्यांस रोख फरक द्यावयाचा. त्यास ‘तोर्न’ म्हणत. वाटणीच्या निकालात घर एका भावास गेले आणि दुसऱ्यास केवळ तोर्न मिळाली असे दिसले, तर धाकट्यास फसविले असे मानण्याची घाई करू नये. फरकाची रक्कम पोचल्याची पावती कागदांत आहे का, एवढे पाहावे.

स्त्रियांच्या हक्कासंबंधी दोन शब्द ध्यानी ठेवावेत. ‘मेयासांव’ म्हणजे विवाहामुळे पतिपत्नीच्या सामाईक मिळकतीत प्रत्येकाचा असलेला निम्मा भाग. विवाहापूर्वी निराळा करार झालेला नसला, तर विधवेचा हा अर्धा भाग तिचा स्वतःचाच असतो; तो वारसा नव्हे. वाटणी उरलेल्या अर्ध्याची होते. त्यातही ‘लेजितीम’ हा भाग मृत्युपत्राने हिरावून घेता येत नाही. आजच्या नियमाने तो निम्मा आहे. मुलगे व मुली यांत या कायद्याने भेद केला नाही. आपल्याकडे मात्र विवाहित मुलीकडून ‘देझिश्तेंस’, म्हणजे हक्क सोडल्याचा लेख, करून घेण्याचा प्रघात पडला. बाप हयात असताना केलेला असा लेख निरर्थक ठरतो, कारण जिवंत माणसाचा वारसा कोणालाही सोडता येत नाही. तारखा ताडून पाहाव्यात. कित्येक घरांचा आजचा गृहीत धरलेला मालकीहक्क या एका तारखेवर उभा आहे, आणि लेकीबाळींना याची कल्पनाही नसते.

जमिनीच्या नोंदणीच्या दाखल्यावर ‘दिश्क्रिसांव’ आणि ‘इंश्क्रिसांव’ असे दोन क्रमांक असतात. पहिल्यात मिळकतीचे वर्णन व चतुःसीमा. दुसऱ्यात ती कोणाच्या नावे व कोणत्या लेखाने लागली, याची नोंद. हक्क दुसऱ्यात पाहावयाचा. ‘मात्रीज’ तर केवळ कराची वही.

देवस्थानाच्या कागदांत आणखी एक सावधगिरी हवी. १८८६ च्या व नंतर १९३३ च्या माझानी नियमावलीने देवस्थानांचा कारभार आदमिनिश्त्रादोरच्या देखरेखीखाली आला. मुक्तीनंतर ते काम मामलेदाराकडे गेले. या अधिकाऱ्याचा हुकूम हा प्रशासकीय हुकूम होय, न्यायालयाची ‘सेंतेंस’ नव्हे. ‘प्रोकुरादोर’ हा शब्दही तसाच फसवा. देवस्थान समितीचा निवडलेला मुखत्यार, खासगी माणसाचा कुलमुखत्यार आणि सरकारी बाजू मांडणारा अधिकारी, तिघांनाही तो लागतो. सही कोणत्या नात्याने केली आहे, हे मजकुरावरूनच ठरवावे.

निकालाची प्रत हाती असली, तरी तो कायम झाला होता का, हे पाहावे लागते. पूर्वी अपील पणजीच्या ‘रेलासांव’ न्यायालयाकडे जाई. मुक्तीनंतर तिच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय आले व १९८२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे पीठ. अपिलाची मुदत टळून निकाल पक्का झाला, की त्यावर ‘त्रांझितु एम् जुल्गाद’ झाल्याची नोंद होई. ती नसलेली प्रत अपुरी समजावी.

मूळ कागद जीर्ण झाला असल्यास संबंधित न्यायालयाकडून, नोतार कार्यालयाकडून किंवा अभिलेखागाराकडून नक्कल मागता येते. अर्ज करताना ‘सेर्तिदांव द तेओर’, म्हणजे शब्दशः नक्कल, अशी स्पष्ट मागणी करावी. ‘नार्रातीव्ह’ नक्कल स्वस्त पडे, पण तीत लेखनिकाने केलेला सारांश तेवढा असतो, आणि ज्या ओळीवर तंटा आहे ती नेमकी तीत नसते.