पिलरिगच्या पलीकडे

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो आणि तिचें बंदर लीथ यांमध्यें अंतर असें फारसें नाहीं. शहराच्या मध्यभागापासून निघून लीथ वॉक नांवाच्या रुंद, उतरत्या रस्त्यानें चालूं लागलेला मनुष्य तासाभराच्या आंत गोदीपाशीं पोहोंचतो. एवढ्या वाटेवर नव्यानें ट्रामचे रूळ घालून त्यांवरून गाडी चालवावयास तेथील नगरपालिकेला, कायदा मंजूर झाल्यापासून सतरा वर्षें लागलीं. ही हकीकत बहुधा वाढलेल्या खर्चाची म्हणून सांगण्यांत येते, आणि आंकडेहि डोळे पांढरे करणारे आहेत खरे. तथापि ज्यांनीं आपला रस्ता दोनदां खणलेला पाहिला त्या लीथकरांच्या बाजूनें ती सांगितली, तर तिचा अर्थ अधिक उकलतो असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

एडिंबरोंत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७१ सालीं सुरू झाल्या. परंतु शहर टेकड्यांवर वसलेलें. चढणीवर घोडीं मेटाकुटीस येत. म्हणून पुढें तेथें दोराची ट्राम आली. रुळांच्या मधोमध एक अरुंद खांच, तिच्याखालीं चर, आणि त्या चरांतून वाफेच्या यंत्रानें अखंड फिरत राहणारा पोलादी दोर. गाडीच्या चिमट्यानें तो दोर धरला कीं गाडी चाले, सोडला कीं थांबे. लीथ हें १८३३ पासून स्वतंत्र नगर होतें. त्याच्या नगरपालिकेनें दोराच्या नादीं न लागतां १९०५ सालीं आपल्या गाड्या सरळ विजेवर चालविल्या. परिणाम असा झाला कीं, लीथ वॉकवर पिलरिग येथें, जेथें दोन नगरांची हद्द होती, तेथें विजेचीहि गाडी थांबे आणि दोराचीहि थांबे. उतारूंनीं पावसापाण्यांत खालीं उतरून दुसरी गाडी गांठावी! या प्रकाराला लोक ‘पिलरिगचा घोटाळा’ म्हणत.

१९२० सालीं लीथ एडिंबरोंत सामील करण्यांत आलें. लीथकरांनीं मतदान करून आपला विरोध प्रचंड बहुमतानें नोंदविला होता, पण त्याची पर्वा कोणीं केली नाहीं. गंमत अशी कीं, ज्या मोठ्या शहरानें लहान नगर पोटांत घातलें, त्यालाच दोन-तीन वर्षांत दोर टाकून त्या नगराची वीज पत्करावी लागली. १९२२ पासून गाड्या पिलरिगवरून सरळ जाऊं लागल्या. पुढें मोटारबसचा काळ आला आणि १६ नोव्हेंबर १९५६ रोजीं एडिंबरोची शेवटची ट्राम धांवली. मुंबईनें हेंच पाऊल १९६४ सालीं उचललें. त्या पिढीला रूळ म्हणजे रस्त्यांतील अडगळ वाटे.

शतक पालटलें तसें मतहि पालटलें. २००२ सालीं नगरपालिकेनें ट्रामच्या कामासाठीं स्वतःच्या मालकीची एक कंपनी काढली. २००६ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटनें कायदे केले. विमानतळापासून प्रिन्सेस स्ट्रीटवरून लीथमार्गें न्यूहेवनपर्यंत मार्ग आंखला गेला. २००७ सालीं अधिकारावर आलेलें नवें सरकार ही योजनाच मोडूं पाहत होतें. परंतु तें अल्पमतांत असल्यामुळें विरोधी पक्षांनीं एकत्र येऊन योजना तारली. खर्चाची मर्यादा ठरली ५४ कोटि ५० लक्ष पौंड.

आतां गाडें अडलें कोठें तें पाहूं. जुन्या शहराच्या रस्त्याखालीं काय काय असतें याची कल्पना वरून चालणाऱ्यास नसते. पाण्याचे नळ, गॅसचे नळ, गटारें, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा. कांहींचे नकाशे चुकीचे, कांहींचे नाहींतच. रूळ घातल्यावर खालचा नळ फुटला तर ट्रामच बंद ठेवावी लागणार. म्हणून हें सारें आधीं बाजूला हलवावें, आराखडे पुरे करावे, आणि मग रूळ घालणाराच्या हातीं मोकळा रस्ता द्यावा, असा बेत होता. बेत शहाणपणाचा होता यांत शंका नाहीं. परंतु नळ हलविण्याचें काम २००७ सालीं सुरू होऊन रेंगाळलें, आराखडे अपुरे राहिले, आणि तशा स्थितींतच मे २००८ मध्यें बिल्फिंगर बर्गर, सीमेन्स प्रभृति कंपन्यांशीं करार करण्यांत आला.

करारांतील किंमत बव्हंशीं ठरीव आहे असें लोकांस सांगण्यांत येत होतें. आंत मात्र एका परिशिष्टांत ही किंमत कोणत्या गोष्टी गृहीत धरून दिली आहे याची यादी होती: आराखडा नोव्हेंबर २००७ मध्यें होता तसाच राहील, रस्ता वेळेवर मोकळा मिळेल, इत्यादि. यांतील एकहि गोष्ट ढळली कीं मक्तेदारास जादा पैसे मागण्याचा मार्ग खुला. घर बांधावयास गवंडी बोलवावा, किंमत आज ठरवावी आणि खोल्या किती हें मागाहून सांगावें, तशांतलाच हा मामला. फेब्रुवारी २००९ मध्यें प्रिन्सेस स्ट्रीट खणण्याच्या ऐन वेळीं काम थांबलें. पुढें तेथें रूळ पडले, पण त्यांच्या कडेचा रस्ता उखडूं लागला, आणि तो पुन्हां करावा लागला. करारावरील तंटे एकामागून एक निवाड्यासाठीं जात राहिले, आणि अखेर २०११ सालीं मध्यस्थामार्फत तडजोड झाली.

या काळांत लीथ वॉकवर काय झालें? नळांसाठीं रस्ता खणला गेला, दुकानांपुढें कुंपणें उभीं राहिलीं, गिऱ्हाइकें आटलीं. मग चर बुजविण्यांत आले आणि कामकरी निघून गेले. रूळ आलेच नाहींत. ऑगस्ट २०११ मध्यें नगरपालिकेनें मार्ग हेमार्केटपर्यंतच, म्हणजे प्रिन्सेस स्ट्रीटच्याहि अलीकडे, संपवावयाचा ठराव केला. सरकारनें उरलेले पैसे रोखण्याचा धाक घातल्यावर तो थोड्याच दिवसांत फिरविला, आणि यॉर्क प्लेस ही शेवटची जागा ठरली. ३१ मे २०१४ रोजीं सुमारें १४ किलोमीटरच्या या तोकड्या मार्गावर गाड्या सुरू झाल्या. खर्च ७७ कोटि ६० लक्ष पौंड. यॉर्क प्लेसहून लीथ वॉकचा माथा चार पावलांवर आहे. त्रास सोसला लीथनें आणि गाडी मिळाली विमानतळाला, असें कोणी म्हटलें तर त्याला खोटें कसें पाडावें?

मार्च २०१९ मध्यें उरलेला तुकडा पुरा करावयाचें ठरलें. या खेपेस नगरपालिकेनें मागचा धडा गिरविला होता. रस्त्याचा एकेक भाग एकदांच बंद करावयाचा, नळांपासून रुळांपर्यंत सर्व कामें उरकावयाचीं, आणि मगच पुढें सरकावयाचें. दुकानदारांसाठीं मदतीचा निधिहि बाजूला काढला होता. कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर दक्षिण लीथच्या चर्चपाशीं काम हळू करावें लागणार हें ठाऊकच होतें. त्या चर्चचें स्मशान पूर्वीं रस्त्याच्या जागेवर पसरलेलें होतें. रस्ता करतांना वरची खूण गेली आणि हाडें खालीं राहिलीं. पुराणवस्तुसंशोधकांनीं तेथून साडेतीनशेंहून अधिक सांगाडे बाहेर काढले. ते सुमारें १३०० ते १६५० या काळांतील लीथच्या स्त्रीपुरुषांचे व मुलांचे होते. लीथचें कागदोपत्रीं स्वातंत्र्य गेलें, पण तिचीं माणसें रस्त्याखालीं होतींच. पिलरिगपाशीं तर जुन्या दोराच्या ट्रामचीं प्रचंड चाकेंच हातीं लागलीं! एका शतकाची अडगळ दुसऱ्या शतकांत प्रदर्शनाची वस्तु होते ती अशी.

महामारीमुळें २०२० सालीं काम कांहीं काळ थांबलें, तरी ७ जून २०२३ रोजीं गाडी न्यूहेवनला पोहोंचली. या भागासाठीं ठरविलेली मर्यादा होती २० कोटि ७३ लक्ष पौंड. पहिल्या भागाच्या चौकशीसाठीं २०१४ सालीं नेमलेल्या लॉर्ड हार्डी यांचा अहवाल मात्र त्यानंतर, सप्टेंबर २०२३ मध्यें, बाहेर पडला. मार्ग बांधण्यास लागला त्याहून अधिक काळ तो उशिरां कां झाला हें ठरविण्यास लागला! अहवालांत कंपनी, नगरपालिका आणि सरकारचे मंत्री या तिघांसहि दोष दिला आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. मूळ बेत न्यूहेवनपर्यंतचा असल्यामुळें गाड्याहि त्या हिशेबानें सत्तावीस मागविल्या होत्या. मार्ग तोकडा झाला, पण गाड्या सत्तावीसच आल्या, आणि नऊ वर्षें त्या गरजेपेक्षां अधिक होत्या. लीथमधून मार्ग सुरू झाला तेव्हां एकहि नवी गाडी विकत घ्यावी लागली नाहीं.