जोडाची मालकी

यंत्रांचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा मोठमोठ्या यंत्रांकडे वळतो. त्यांना जोडणाऱ्या तारेकडे सहसा कोणी पाहत नाही. पुण्यातल्या संगणकांच्या इतिहासात मला मात्र खरा प्रश्न त्या तारेशीच दिसतो. दोन यंत्रांमधला जोड कोणाच्या मालकीचा?

क्रे कंपनीचा वरच्या प्रतीचा महासंगणक देण्यास अमेरिकेने आढेवेढे घेतले, तेव्हा आपला आपणच बांधावा या हेतूने १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. एकच बलाढ्य गणकयंत्र घडविण्याऐवजी पुष्कळशी लहान यंत्रे एकत्र गुंफावयाची, अशी त्याची रचना. त्यासाठी निवडले इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला चार दुवे अंगचेच असत. एकाचा दुवा दुसऱ्याला लावला की बोलणे सुरू. पण हा दुवा एका कंपनीच्या घरचा होता. तिने पुढची चिप, टी ९०००, जाहीर केली. ती फार लांबली आणि बोलल्याइतका वेग तिला साधला नाही. पुणेकर थांबून राहिले नाहीत. 'परम ८६००'मध्ये त्यांनी इंटेलची आय ८६० ही चिप ट्रान्सप्यूटरच्या जोडीला बसवली. गणित एकाने करावे, निरोप दुसऱ्याने पोचवावा. १९९८ सालचा 'परम १००००' तर बाजारात मिळणाऱ्या सन कंपनीच्या संगणकांचीच गुंफण होता. मला या साऱ्यात वेगाच्या विक्रमाहून हे जोडकाम अधिक मोलाचे वाटते.

कचेऱ्यांमध्ये याच सुमारास निराळी गोष्ट घडत होती. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडली. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी तिचे नियम जाहीर केले, १९८३ साली ते प्रमाण ठरले. आयबीएमची टोकन रिंग अधिक शिस्तीची होती, असे म्हणणारे पुष्कळ होते. परंतु इथरनेटचे कार्ड कोणीही बनवावे, आणि तैवानातल्या कारखान्यांनी ते खरोखरच बनवले. नॉव्हेलच्या एनई २००० ची नक्कल करणारी स्वस्त कार्डे पुण्यातल्या लहानसहान कचेऱ्यांतही येऊन पोचली.

तार एक झाली म्हणून भांडण मिटले, असे मात्र नाही; ते पेटीच्या आत शिरले. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यातला प्रकार मला आठवतो. जाळे चालू केले की मॉडेम मुका, मॉडेम बोलू लागला की जाळे बंद! या कार्डांची ठेवण मुळात तिसऱ्या इंटरप्टवर असे, आणि संगणकाच्या दुसऱ्या सिरियल पोर्टाचाही हक्क त्यावरच. मॉडेम नेमका तेथे लावलेला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कार्डावरचा इवलासा जम्पर तिसऱ्यावरून पाचव्यावर सरकवला आणि घोटाळा संपला. दुसरी फसवणूक तारेचीच. केबल टीव्हीची तार दिसावयास पातळ इथरनेटच्या तारेसारखीच, पण हिचा अवरोध ७५ ओहम, तिचा ५०. ही वापरली की संदेश टोकावरून उलटा फिरतो आणि इतरांच्या बोलण्यात मिसळतो. डोळ्यांना काही दिसत नाही. पुढे आठ धाग्यांची वळवलेली तार आली. त्यातही संदेश पाठवण्यासाठी पहिला-दुसरा धागा, घेण्यासाठी तिसरा-सहावा; म्हणून दोन संगणक थेट जोडताना धागे उलटसुलट करावे लागत. नवी यंत्रे हे आपोआप ओळखतात, तेव्हा आजच्या मुलांना ही कला शिकावी लागत नाही.

आणि घरात तार नाहीशी झाली, तरी जोड उरलाच. बिनतारी जाळ्याचे प्रमाण १९९७ साली निघाले. पण निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलतात की नाही, एवढेच तपासण्यासाठी १९९९ साली स्वतंत्र मंडळ काढावे लागले. 'वाय-फाय' हे नाव त्याचेच. तरीही जुने छपाईयंत्र २.४ गिगाहर्ट्झवरच ऐकते. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे जाळेच चालू ठेवले, तर त्याला ते दिसत नाही. अशा वेळी दोन्ही लहरी चालू ठेवून त्यांना वेगळी नावे द्यावीत आणि छपाईयंत्राला त्याचीच जुनी लहर दाखवावी.