हरिश्चंद्र चिंतामण : छायाचित्रकार आणि वकील

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकविताना आपण संपादक, भाषांतरकार, सुधारक यांची नावे क्रमाने घेतो. त्या पिढीचे चेहरे काचेवर कुणी उतरविले, हा प्रश्न मात्र साहित्येतिहासात सहसा उपस्थित होत नाही. मुंबईच्या आद्य देशी व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक असलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांच्याकडे आम्ही वळलो ते या प्रश्नाच्या निमित्ताने. त्यांचे नाव आज भेटते ते बहुधा थिऑसफीच्या इतिहासात, आणि तेही एका अपहाराच्या संदर्भात. आमचे म्हणणे असे, की कॅमेरा बाजूला ठेवून त्यांनी जे उद्योग केले त्यांचे स्वरूपही मुळात छायाचित्रकाराच्या धंद्याचेच होते. जो समोर नाही त्याला दूरच्या नजरेपुढे, तिला रुचेल अशा रूपात, उभे करणे हे ते काम.

मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या देशी सभासदांपैकी होत. लगेच पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. ज्या विद्यालयाने मुंबई इलाख्याला इंग्रजी शिकलेली पहिली पिढी दिली, तेथेच ही विद्याही शिकविली गेली, हे विसरता कामा नये. हरिश्चंद्र त्या वर्गाचे विद्यार्थी. शिक्षणानंतर त्यांनी हाच व्यवसाय पत्करला आणि किल्ल्यातील रॅम्पार्ट रो येथे त्यांची चित्रशाळा उभी राहिली.

तो काळ ओल्या कलोडियनचा. काचेला चिकट द्रावणाचा थर द्यायचा, ती रौप्याच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर सुकण्याआधी अंधाऱ्या खोलीत नेऊन प्रतिमा प्रकट करायची. मुंबईच्या उन्हाळ्यात या घाईचे काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. मात्र या रीतीचा मोठा लाभ असा, की एका काचेवरून कागदावर कितीही प्रती निघत. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने पेटंट घेतलेली भेटपत्राच्या आकाराची छायाचित्रे याच सोयीमुळे जगभर पसरली. संस्थानिक, शेठसावकार, विद्वान यांची अशी कार्डे हरिश्चंद्रांच्या चित्रशाळेतूनही निघाली.

पण त्याच कॅमेऱ्यासमोर आणखी एका प्रकारची माणसे उभी राहत. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मुंबईहून गेलेल्या छायाचित्रांत हरिश्चंद्रांचेही काम होते, आणि त्यात निरनिराळ्या जातिजमातींचे ‘नमुने’ होते. विल्यम जॉन्सनचे मुंबईच्या जातिजमातींवरील दोन खंड १८६३ व १८६६ चे. सरकारी आश्रयाने निघालेले ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड १८६८ ते १८७५ मधले. या पुस्तकांत राजाला नाव असते, कोळ्याला किंवा कुणब्याला बहुधा फक्त जात. आम्ही ज्या भागात शिकवितो त्याचे उदाहरण येथे आठवते. मे १८७५ मध्ये तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दंग्याचे लोण शिरूर तालुक्यातही पसरले. आज दौंड-शिरूरच्या वर्गात हा प्रसंग शिकविताना दाखवायला चौकशी आयोगाचा अहवाल आहे, आकडे आहेत. खत जाळणाऱ्याचा चेहरा नाही. ज्याच्याकडे बसण्याचे दाम होते त्याचे चित्र निघाले, आणि ज्याच्याकडे नव्हते तो कुणाच्या तरी संग्रहातला नमुना झाला. हरिश्चंद्रांनी दोन्ही कामे केली, आणि देशी असल्यामुळे त्यांचा कॅमेरा वेगळ्या नजरेने पाहत होता असे म्हणण्यास आधार दिसत नाही.

लंडनमध्ये आपल्याला ते निराळ्याच वेषात भेटतात. १८७४ मध्ये ट्रूब्नर यांनी भगवद्गीतेवरील त्यांचे इंग्रजी भाष्य प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर छायाचित्रकार असा उल्लेख नाही. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांचे राजकीय प्रतिनिधी, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत वकील, अशी ओळख आहे. मल्हाररावांना तेव्हा वकिलाची गरज होतीच. १८७३ मध्ये त्यांच्या कारभाराची चौकशी झाली होती. १८७४ च्या अखेरीस रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप आला. चौकशी आयोगातील तीन हिंदी व तीन इंग्रज सभासदांचे एकमत झाले नाही, तरीही एप्रिल १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. अशीलच गादीवरून गेल्यावर वकिलीला अर्थ उरला नाही.

पुढचा अध्याय एका छायाचित्रापासूनच सुरू व्हावा, हा योगायोग विलक्षण आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष कर्नल ऑल्कॉट यांनी १८७० मध्ये अटलांटिकवरील प्रवासात मूळजी ठाकरसी व त्यांचे एक सोबती या दोघा हिंदी गृहस्थांची ओळख करून घेतली होती. त्यांचे चौकटीतले छायाचित्र न्यूयॉर्कच्या घरी भिंतीवर होते. १८७७ मध्ये नुकत्याच हिंदुस्थानातून आलेल्या एका पाहुण्याने ते पाहून मूळजींना ओळखले आणि मुंबईचा पत्ता दिला. पत्रव्यवहार सुरू झाला आणि मूळजींनी नाव सुचविले ते मुंबई आर्यसमाजाचे तेव्हाचे अध्यक्ष हरिश्चंद्र चिंतामण यांचे.

स्वामी दयानंदांना इंग्रजी येत नव्हते, ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की यांना हिंदी वा संस्कृत येत नव्हते. (ब्लाव्हाट्स्कीबाईंचा जन्म येकातेरिनोस्लावचा, ते शहर म्हणजे आजच्या युक्रेनमधले द्नीप्रो.) मधला माणूस म्हणजे हरिश्चंद्र. आर्यसमाजाचा ईश्वरविचार थिऑसफिस्टांच्या निर्गुण तत्त्वाशी जुळणारा आहे, असे चित्र त्यांनी रंगविले. त्या विश्वासावर मे १८७८ मध्ये न्यूयॉर्कच्या मंडळींनी आपली संस्था आर्यसमाजाशी जोडण्याचा ठराव केला. समाजाच्या नियमांचे भाषांतर हाती पडले तेव्हा त्यांना धक्काच बसला. चित्रशाळेत गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण काचेवरच मिटवीत. येथे एका धर्मसुधारकाच्या मतांवरून तोच कुंचला फिरला होता. त्यात लबाडी किती आणि दोन्ही पक्षांना खूश ठेवण्याची व्यावसायिक सवय किती, हे वेगळे करणे कठीण आहे. आमचा कल दुसऱ्या बाजूकडे अधिक आहे.

१६ फेब्रुवारी १८७९ रोजी ऑल्कॉट व ब्लाव्हाट्स्की मुंबईस उतरले. दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्रांच्या चित्रशाळेत त्यांचा सत्कार झाला. ऑल्कॉटांच्या आठवणींनुसार निमंत्रित तीनशेहून अधिक होते, हारतुरे, गुलाबपाणी सारे झाले. पाहुणचार घरचा आहे असे समजणाऱ्या पाहुण्यांच्या हाती थोड्याच दिवसांत भाडे, जेवण, स्वागत या सर्वांचे बिल आले. शिवाय आर्यसमाजासाठी अमेरिकेतून पाठविलेले सहाशेहून अधिक रुपये समाजापर्यंत पोहोचलेच नव्हते. ती रक्कम परत करावी लागली आणि आर्यसमाजातील त्यांचे स्थान संपले. हे सारे आपल्याला ऑल्कॉटांच्या लेखणीतून कळते, म्हणजे फिर्यादीच्या बाजूने. दयानंद आणि थिऑसफिस्ट यांची भेट एप्रिल-मे १८७९ मध्ये झाली खरी. पण १८८२ मध्ये स्वामींनी त्यांच्याशी उघडपणे संबंध तोडले.

हरिश्चंद्रांचा मुंबईतील व्यवसाय १८८१ पर्यंत तरी चालू होता. त्या काळच्या कार्डांच्या पाठीवर चित्रशाळेचे नाव आणि पत्ता सुबक अक्षरांत छापीत. पुढे बसलेल्या माणसाचे नाव कुणी शाईने लिहून ठेवले असेल तरच कळते.