कळंबा तलावाचा फोटो काढायचा, पण बघून कुणाचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

कळंबा तलावाचा फोटो कुणाच्या मोबाईलमध्ये नाही सांगा. मावळता सूर्य, पाण्यावर तांबूस उजेड, कडेला पाठमोरा उभा राहिलेला एक माणूस. सांडवा वाहायला लागला की त्या आठवड्यात तर विचारूच नका. फोटो चांगले असतात, वाद नाही. पण दहा वर्षांनी त्यातला एक समोर ठेवून कुणी विचारलं, की बाबा, त्या साली पाणी कुठवर होतं, पलीकडं ऊस होता की प्लॉट पडले होते, ओढ्यातून काय वाहत येत होतं, तर तो फोटो काय सांगणार? सूर्याकडं बघून काढलाय, काठाकडं नाही.

आणि आपल्याकडं भांडण तर काठाचंच आहे. तलावाचा विषय कुठल्याही बैठकीत निघाला की एक जण म्हणतो, 'पूर्वी पाणी इथपर्यंत यायचं.' दुसरा म्हणतो, 'कधीच येत नव्हतं.' दोघांच्याही हातात कागद नसतो, फोटो तर नसतोच. आवाज मोठा त्याचं खरं. पत्रकारितेत वीस वर्षं झाली, अशा किती बैठका बघितल्या असतील मोजलेलं नाही.

म्हणून गेले काही महिने एक काम डोक्यात घेतलंय. तलावाभोवती ठरावीक जागा निवडायच्या आणि वर्षभर दर पंधरा दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच वेळेला फोटो काढायचा. सुरुवात करण्याआधी जुन्या मोठ्या फोटोग्राफरांचं काम बघत बसलो. एका मित्रानं लगेच टोकलं, "दुसऱ्याचं बघून काढणार, मग तुझं त्यात काय राहिलं?"

कोल्हापुरात राहून हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटतं. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज त्याच्या समोरून गाड्या जातात. तो बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताचा चित्रपट बघितला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला. फाळक्यांचं बघून कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंना वेड लागलं. नाटकाचे पडदे रंगवणारी ही माणसं. मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, यंत्र कसं चालतं ते समजून घेतलं आणि स्वतःचा मूव्ही कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. दामल्यांसारखा हाताचा कसबी शिष्य सोबत होता, कॅमेरा पुरा झाला. तानीबाई कागलकरांनी पैशाचा आधार दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला.

इथपर्यंत बघितलं तर फाळक्यांच्याच वाटेनं चाललेत असं वाटेल. पुराणातलीच गोष्ट. पण १९२५ मध्ये याच माणसानं 'सावकारी पाश' केला. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी, त्याचं मोडलेलं घर. शेतकऱ्याचं काम केलं होतं तरुण व्ही. शांताराम यांनी. कॅमेऱ्याचं वेड बाबूरावांनी फाळक्यांकडून घेतलं. तो कुणाकडं रोखायचा हे मात्र त्यांचं त्यांनी ठरवलं. मित्राला माझं एवढंच उत्तर होतं, त्याला ते पटलं की नाही माहीत नाही.

आता जरा लांब जाऊ, पॅरिसला. कारण माझ्या कामाच्या सगळ्यात जवळची गोष्ट तिथं घडलेली आहे.

युजीन आत्जे नावाचा एक माणूस. आधी नट होता, त्यात काही जमलं नाही. मग अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन पहाटे गावभर फिरायला लागला. जुने वाडे, जिने, दारावरच्या कड्या, दुकानांच्या काचा, फेरीवाले. पॅरिसचा जुना भाग पाडून नवा होत होता आणि हा पडायच्या आधी टिपत होता. दारावर पाटी काय लावली होती? कलाकारांसाठी दस्तऐवज. स्वतःला कलावंत म्हणवून घेतलं नाही. चित्रकारांना, ग्रंथालयांना फोटो विकून पोट भरलं. तीसेक वर्षं हेच काम.

त्याच्या शेवटच्या वर्षांत बेरेनिस ॲबट ही अमेरिकन तरुणी त्याच्या संपर्कात आली. ती पॅरिसमध्ये दुसऱ्या एका नामवंत फोटोग्राफरकडं मदतनीस होती. आत्जेचे फोटो बघून ती हललीच. १९२७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या मागं राहिलेल्या प्लेटा आणि प्रती तिनं धडपड करून मिळवल्या. तिनं ते केलं नसतं तर आज आत्जेचं नाव आपल्यापर्यंत पोचलं असतं का, शंकाच आहे.

१९२९ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. बघते तर जुनी घरं पाडून टोलेजंग इमारती उठताहेत. पॅरिसमध्ये आत्जेनं केलं ते इथं करायचं, असं तिनं ठरवलं. तोही अवजड कॅमेरा, तीच चिकाटी, दुकानांच्या काचांचा तोच नाद. पण तिचे फोटो आत्जेसारखे दिसत नाहीत. त्याचं पॅरिस पहाटेचं, रिकामं, धूसर. तिचं न्यूयॉर्क टोकदार, कधी इमारतीच्या माथ्यावरून खाली बघितलेलं, कधी खालून मान मोडेस्तोवर वर. बरीच वर्षं पैसे मिळेनात. १९३५ मध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी कला योजनेतून आधार मिळाला आणि १९३९ मध्ये 'चेंजिंग न्यूयॉर्क' हे पुस्तक आलं. त्यात फोटोबरोबर जागा, तारीख, इमारतीची माहिती आहे. पुढं आणखी एका फोटोग्राफरनं तिच्याच जागांवर उभं राहून तेच फोटो पुन्हा काढले. आत्जेकडून ॲबट, ॲबटकडून तिसरा. साखळी अशी चालते.

हे जुने फोटो पुन्हा काढायचं काम किती बारकाईनं करता येतं, ते अमेरिकेतल्याच मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १८७० च्या आसपास तिथल्या पश्चिम भागात सरकारी पाहणी पथकांबरोबर फोटोग्राफर गेले होते. १९७७ ते १९७९ या काळात ही मंडळी जुन्या फोटोंच्या प्रती घेऊन त्याच डोंगरदऱ्यांत उतरली. फोटोतला दगड आणि त्यामागचं शिखर यांतलं अंतर मोजायचं, प्रत्यक्षात तेवढंच दिसेपर्यंत पावलं मागंपुढं करायची. सावली जुळली पाहिजे म्हणून महिना तोच, घड्याळातली वेळही तीच. काही ठिकाणी शंभर वर्षांत दगडसुद्धा हलला नव्हता. काही ठिकाणी अख्खा देखावा बदललेला. दोन फोटो शेजारी ठेवले की भाषणाची गरजच उरत नाही.

मला कळंब्यासाठी हवंय ते हेच. आपला तलाव शंभराहून जास्त वर्षांचा. कात्यायनीच्या डोंगराकडून ओढ्यांनी पाणी यायचं, तलावात साठायचं आणि उतारानं, पंपाशिवाय, मंगळवार पेठेतल्या पाण्याच्या खजिन्यात जायचं. शहरानं हे पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायलंय. २०१६ च्या दुष्काळात तळ उघडा पडला, तेव्हा बघायला किती गर्दी झाली होती! त्या दिवसांतले फोटो आज शोधायला गेलो तर सेल्फीच जास्त. भेगाळलेल्या मातीत उभे आपण. मागं काठ कुठं होता ते दिसत नाही, आपली डोकी आडवी आलेली.

एक गोष्ट मात्र आत्जे किंवा क्लेट यांच्याकडून शिकता येणार नाही, ती माणसांची. काठावर धुणं धुणाऱ्या बाया आहेत, गळ टाकून बसणारे आहेत, जनावरं घेऊन येणारे आहेत, पहाटे फिरायला येणारी पेन्शनर मंडळी आहेत. त्यांच्यासाठी मी आपल्या मराठी फोटोग्राफरांकडं बघतो. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. ते नुसतं रस्त्यावरून टिपून जमणारं काम नव्हे. गटारात उतरलेला माणूस परक्याला जवळ येऊ देत नाही. ओलवे त्यांच्या कामाच्या जागी गेले, घरी गेले, वर्षानुवर्षं गेले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांचं काम असंच केलं. फडावरची लावणी सगळेच टिपतात, त्यांनी राहुटीतलं जगणंही टिपलं. या दोघांकडून मी एक नियम उचललाय. पहिल्या दिवशी माणसांवर कॅमेरा रोखायचा नाही. बोलायचं, चहा प्यायचा, काय करतोय ते सांगायचं. धुणं धुणाऱ्या मावशीनं 'नको रे बाबा' म्हटलं तर नको.

ज्यांना स्वतःच्या गावात असं काही करायचंय, त्यांना कॅमेरा कुठला हा प्रश्न आधी पडतो. मोबाईल चालतो. फक्त झूम करायचा नाही, फिल्टर लावायचा नाही, आणि फोटोत न हलणारी एक खूण ठेवायची. मी सांड्व्याच्या बांधकामाचा एक कोपरा धरलाय. तारीख-वेळ त्याच दिवशी वहीत लिहायची. वही कंटाळवाणी असते, माहीत आहे. पण वहीशिवाय हा सगळा खटाटोप म्हणजे पुन्हा सूर्यास्तच.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. माझे फोटो आजपासूनचे. मागचं तुमच्या कपाटात आहे. लग्नाचे अल्बम, शाळेची सहल, नवी गाडी घेतल्यावर तलावावर नेऊन काढलेला फोटो, गणपती विसर्जन, कुणाचा तरी वाढदिवस. मागं तलावाचा काठ, झाड, बांध, शेत काहीही दिसत असेल तर तो फोटो मला बघायचाय. चेहरे नको असतील तर झाकून घेईन. अल्बम मी घेऊन जाणार नाही, तुमच्या घरी बसून तुमच्यासमोर प्रत काढीन. साल आठवत नसेल तर घरातल्या थोरल्या बाईला विचारा. 'धाकटा पोटात होता तेव्हाचा' एवढं कळलं तरी साल निघतं.

आतापर्यंत चार फोटो मिळालेत. त्यातल्या एकात लहान पोरगं रडतंय, कुणीतरी त्याला काठावर उभं केलंय आणि मागं पाण्यापर्यंत उतरत गेलेला मोकळा उतार दिसतोय. ती जागा शोधायला काल सकाळी गेलो होतो. दोन तास फिरलो, अजून सापडलेली नाही. कुणाला ओळखू येते का बघा, फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. घरच्यांना विचारूनच टाकलाय.